पाणी चढत होतं आणि व्हर्च्युअल मेमरी बंद होती

देऊळ पुन्हा पाण्याखाली जायच्या आत आम्हाला एकच गोष्ट कळायला हवी होती. त्याच्या चारी बाजूंचे फोटो नीट निघालेत, की कुठला तुकडा राहून गेलाय? आणि नेमकं तेच भावाचा कॉम्प्युटर सांगायला तयार नव्हता. काम निम्म्याच्या पुढे सरकलं की मेमरी पुरेशी नाही असा इंग्रजी संदेश यायचा, आणि सगळं बंद पडायचं.

भाऊ माझ्यापेक्षा धाकटा. सोलापुरात त्याचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम, व्हिडिओ, हल्ली बारशाचेसुद्धा. मी कनिष्ठ महाविद्यालयात कॉम्प्युटर शिकवते. आईचं माहेर उजनीच्या काठचं, करमाळ्याच्या बाजूचं. धरण झालं तेव्हा ते गाव उठलं आणि वर माळावर जाऊन बसलं. आईचे वडील तिथल्या महादेवाच्या देवळाचे गुरव होते. पिंड नव्या गावठाणात नेली, देऊळ जागेवरच राहिलं. एरवी ते पाण्याखालीच असतं. फारच कडक उन्हाळा असला तर कळस दिसतो.

त्या उन्हाळ्यात पाणी इतकं खाली गेलं की अख्खं देऊळ उघडं पडलं. गावाकडच्या मामेभावानं मोबाईलवर फोटो पाठवला. आईनं तो पाहिला आणि मोबाईल माझ्या हातात परत द्यायलाच विसरली. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. काठापासून देवळापर्यंत भेगाळलेल्या गाळातून बरंच चालावं लागतं, ते तिच्यानं होणं शक्य नव्हतं.

"मला काय दिसनार ह्यात," ती म्हणाली. "येवढंसं तर हाय."

तेव्हा भावानं सुचवलं. सगळ्या बाजूंनी शेकडो फोटो काढले की कॉम्प्युटर ते एकमेकांना जोडून देवळाची हुबेहूब प्रतिकृती तयार करतो. ती पडद्यावर फिरवता येते, जवळ जाता येतं, आत शिरता येतं. "आई, तुला खुर्चीत बसून प्रदक्षिणा घालायला लावतो की नाही बघ," तो म्हणाला.

आम्ही दोघं जाऊन दिवसभर फोटो काढून आलो. तो एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं. देवळाची उत्तरेकडची भिंत बाहेर झुकली होती आणि तिच्या दोन दगडांमधून हात जाईल एवढी फट पडली होती. तिथे शेळ्या चारायला आलेला एक म्हातारा म्हणाला, "बघून घ्या बगा. औंदा पानी आलं की ही भित न्हाय ऱ्हात." आम्हाला वाटलं, अजून दोन-अडीच महिने आहेत. उजनी भरते ती वरच्या धरणांतून पाणी सुटल्यावर, श्रावणाच्या आगेमागे.

पण त्या वर्षी मे महिन्यातच वरच्या खोऱ्यात पाऊस कोसळला. नदीला पाणी आलं. मामेभावाचा फोन आला, "पाणी चढायलंय. काय राहिलं असंल तर दोन दिवसांत या, नंतर नावेनं सुदीक जमायचं न्हाय."

काय राहिलं होतं, हेच तर कळत नव्हतं.

त्या दुपारी मी स्टुडिओत पोचले तेव्हा भाऊ डोक्याला हात लावून बसला होता. बाहेर ऊन रणरणत होतं. आत त्याचा तो काळा, एका बाजूला काच असलेला कॉम्प्युटर घरघरत होता.

"चौसष्ट जीबी रॅम आहे ताई," तो म्हणाला. "सोलापुरात एखाद्याकडे असेल अशी. आणि हा म्हणतो मेमरी नाही."

मी शेजारी खुर्ची ओढली. त्यानं पुन्हा काम सुरू केलं आणि मी मेमरीचे आकडे दाखवणारी खिडकी उघडून ठेवली. आकडे वर चढत गेले. वापरातली मेमरी चाळीसच्या आसपास होती, म्हणजे वीसेक जीबी चक्क मोकळी. तरीही प्रोग्राम पडला. तेवढ्यात मला खालच्या ओळीतला दुसरा आकडा दिसला. 'कमिटेड', म्हणजे प्रोग्रामनं आधीच धरून ठेवलेली मेमरी, या शब्दापुढचा. तो चौसष्टला टेकला होता, आणि मर्यादाही तेवढीच होती.

"तू व्हर्च्युअल मेमरी बंद केली आहेस का?" मी विचारलं.

"हो. मशीन घेतलं तेव्हापासून. एवढी रॅम असताना डिस्कवर कशाला लिहू द्यायचं?"

"तेच कारण आहे. चालू कर."

"नाही," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण मला तो आवाज माहीत होता. लहानपणी जेवायचं नाही म्हणायचा तेव्हाचा.

त्या नाहीमागे काय आहे तेही मला माहीत होतं. काही वर्षांपूर्वी त्याच्या जुन्या मशीनची डिस्क गेली. अचानक, कसलीही चाहूल न देता. तिच्यावर एका लग्नाचं सगळं चित्रण होतं आणि दुसरी प्रत काढायची राहिली होती. लग्नानंतर आठवड्याभरात मुलीचे वडील हृदयविकारानं गेले होते. भाऊ त्यांच्या घरी सांगायला गेला. कुणी ओरडलं नाही. मुलीच्या आईनं फक्त विचारलं, "एकसुद्धा नाही का हो त्यांचा?" तो घरी आला आणि दोन दिवस स्टुडिओ उघडला नाही. त्यानंतर कुणीतरी त्याला सांगितलं की या नव्या प्रकारच्या डिस्क लिहून लिहून झिजतात. तेव्हापासून त्यानं डिस्कवर अनावश्यक काही लिहिलं जाऊ नये म्हणून जे जे बंद करता येईल ते केलं होतं.

"हे बघ," मी म्हणाले, "एसटी स्टँडवर गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना? गाडी रिकामी दिसते, पण प्रत्येक सीटवर रुमाल असतो. तुझा हा प्रोग्राम तसाच आहे. लागेल तेवढी जागा आधी धरून ठेवतो, बसतो नंतर. कधी कधी बसतच नाही. पण धरलेली प्रत्येक जागा द्यायची हमी सिस्टिमनं दिलेली असते. व्हर्च्युअल मेमरी चालू असली की ती म्हणते, धरा, मागे दुसरी गाडी उभी आहे, म्हणजे डिस्कवरची जागा. तू ती मागची गाडीच काढून टाकलीस. आता समोर सीट मोकळ्या दिसत असूनही कंडक्टरला नाही म्हणावं लागतं."

त्याला पटलं होतं. मला दिसलं. पण पटणं वेगळं आणि ऐकणं वेगळं.

"दोन वर्षं चालतंय ना मशीन? एकदा तरी अडलं?"

"तू दोन वर्षांत असलं काम कधी लावलंस? लग्नाचा व्हिडिओ एवढी जागा धरत नाही."

"पुस्तकात असतं सगळं. मशीन मी चालवतो."

मला राग आला. तरी मी आवाज खाली ठेवला. "बरं. मग तूच सांग. दुसरा उपाय कोणता?"

त्यानं आणखी रॅमसाठी फोन केला. दुकानदार म्हणाला, या जातीची पुण्याहून मागवावी लागेल, चार-पाच दिवस. मग त्यानं प्रतिकृतीचा दर्जा उतरवून काम लावलं. ते पूर्ण झालं, पण देऊळ उन्हात ठेवलेल्या गुळाच्या ढेपेसारखं दिसत होतं. कोनाडे वितळलेले, पायऱ्या एकमेकींत मिसळलेल्या. उत्तरेच्या भिंतीवर मधोमध एक धुरकट खड्डा होता. तिथे फोटो कमी पडलेत, की दर्जा उतरवल्यानं तसं दिसतंय, काही सांगता येईना. आणि या पाण्यात पडेल अशी ती झुकलेली भिंत नेमकी हीच.

तेवढ्यात मामेभावाचा पुन्हा फोन. पाणी देवळासमोरच्या नंदीपर्यंत आलं होतं.

भाऊ उठून उभा राहिला, पुन्हा बसला. "ताई, तुला कळत नाही. या डिस्कवर आत्ता तीन लग्नं आहेत."

"त्यांच्या प्रती आहेत ना?"

"आहेत. दोन-दोन आहेत. तरी."

"मग ऐक. तू रोज या डिस्कवर लग्नांचं चित्रण ओततोस. त्यापुढे व्हर्च्युअल मेमरी लिहून लिहून काय लिहिणार आहे? ती डिस्क लिहिण्यानं गेली की आणखी कशानं, हे तरी कुणाला कळलं? तुझं जे गेलं ते दुसरी प्रत नव्हती म्हणून गेलं. आता तू प्रत ठेवतोस. डिस्क जपायची रीत तीच आहे, दुसरी नाही."

हे मी बोलायला नको होतं. त्याचा चेहरा पडला.

मग तो म्हणाला, "वेगळ्या डिस्कवर टाकू. कपाटात एक रिकामी आहे. लग्नाच्या डिस्कला हात लावायचा नाही."

"चालेल."

त्यानं मशीन बंद केलं, बाजूची काच उघडली, लग्नं असलेल्या डिस्कची वायर स्वतःच्या हातानं काढली आणि ती डिस्क रुमालात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवली. रिकामी डिस्क लावली. सिस्टिम आणि देवळाचे फोटो तिसऱ्याच डिस्कवर होते. सेटिंग बदलताना त्याचं बोट माऊसवर थांबलं. "काही झालं तर तू बघायचंस," तो म्हणाला. मी हो म्हटलं. काय बघणार होते, देव जाणे.

काम पुन्हा सुरू झालं. जिथे दर वेळी पडत होतं तो टप्पा जवळ आला. आकडा साठ, बासष्ट, चौसष्ट. आकडा चौसष्टच्या पुढे गेला. सत्तर. आणखी पुढे. काम पडलं नाही. वापरातली मेमरी अजून पन्नासच्या खालीच होती. म्हणजे सगळे रुमालच होते, माणसं बसायची होती.

मग मात्र माणसं बसायला लागली. वापरातला आकडाही साठीकडे सरकला आणि मशीन मंदावलं. माऊसचा बाण एका जागी गोठला. डिस्कचं काम चालू असल्याचं दाखवणारा लाल दिवा फडफडत राहिला.

"गेलं," भाऊ म्हणाला. "अडकलं. बंद करतो."

"थांब."

"अगं बाणसुद्धा हलत नाही! मी पाहिलंय असं. जुनी डिस्क गेली तेव्हापण असंच झालं होतं."

त्याचा हात बटणाकडे गेला आणि मी तो मनगटाशी धरला. आम्ही दोघं चाळिशी ओलांडलेले, पण ती झोंबाझोंबी अगदी पोरांसारखी झाली. "दिवा बघ," मी म्हणाले. "दिवा चालतोय ना? म्हणजे काम चाललंय. मंद चाललंय, पण चाललंय. आत्ता बंद केलंस तर पुन्हा पहिल्यापासून, आणि तेवढा वेळ नाही आपल्याकडे."

त्यानं हात मागे घेतला. मग उठून दाराबाहेर जाऊन उभा राहिला, उन्हातच. मी त्या लाल दिव्याकडे बघत बसले. मी बरोबर असल्याची मला खात्री होती, असं मी त्याला दाखवत होते. खरं तर शिकवणं वेगळं. आपल्या भावाच्या मशीनवर आपलं म्हणणं लावून बघणं वेगळं.

बाण मध्येच झटका देऊन हलला. पुन्हा थांबला. पुन्हा हलला. ऊन उतरायच्या सुमाराला पडद्यावर देऊळ उभं राहिलं.

मी भावाला हाक मारली. तो आला आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघत राहिला. छिन्नीचे घाव दिसत होते. पायरीला चिकटलेले शिंपले दिसत होते. त्यानं देऊळ फिरवलं, उत्तरेची भिंत समोर आणली, आणि तिथे मधोमध एक काळं भोक होतं. आता मात्र शंकेला जागा नव्हती. आजूबाजूचा दगड न् दगड स्पष्ट, आणि मधला कोनाडाच नाही.

"मला वाटलं तू घेतलास," तो म्हणाला.

"मला वाटलं तू."

"उद्या पहाटे निघू."

आईला सांगायला गेलो तर मामेभावाच्या फोनवरून तिला सगळं कळलं होतं आणि तिनं आधीच पिशवी भरली होती. "मी बी येनार," ती म्हणाली. "काठावर बसन. पन येनार." तिच्याशी वाद घालायची ताकद आम्हा दोघांत उरली नव्हती.

उजाडताना आम्ही टेंभुर्णी मागे टाकली. केळीच्या बागांमधून काठावर उतरलो तर तिथे पळापळ चालली होती. शेतकरी पाण्यातल्या मोटारी दोर लावून वर ओढत होते, केबली गोळा करत होते. आठवड्यापूर्वी आम्ही ज्या गाळातून चालत गेलो होतो तिथे आता पाणी होतं. देऊळ मधोमध उभं, जोतं बुडालेलं.

एका मासेमाराला विनंती केली. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं देवळाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "नेतो," म्हणाला. "पर भितीला हात लावायचा न्हाय. आन मी चला म्हनलं की चलायचं."

आईला गाडीच्या सावलीत बसवून आम्ही होडीत चढलो. उत्तरेच्या बाजूला होडी लागली. कोनाडा पाण्यापासून जेमतेम हातभर वर होता. होडी डोलत होती आणि फोटो हलत होते. भाऊ म्हणाला, "असं नाही जमायचं, खाली उतरावं लागेल." मासेमार नको म्हणेपर्यंत तो उतरला होता. पाणी मांडीपर्यंत. त्यानं भराभर फोटो काढायला सुरुवात केली. डावीकडून, समोरून. उजवीकडे सरकायला त्यानं पाऊल टाकलं आणि एकदम छातीपर्यंत खाली गेला. जोत्याची कड संपली होती, खाली नुसता गाळ होता.

"कॅमेरा घे!" तो ओरडला. दोन्ही हात वर, हातांत कॅमेरा.

"कॅमेरा सोड, हात दे!"

"आधी घे ताई!"

मी कॅमेरा ओढून घेतला आणि होडीत टाकला. मासेमारानं वल्हं पुढं केलं. भावानं ते धरलं, पण पाय निघेनात. गाळ धरून बसला होता. त्याच वेळी वरून भिंतीतला एक दगड निसटला आणि त्याच्यापासून वावभर अंतरावर पाण्यात पडला. आमच्या तोंडांवर पाणी उडालं.

"हालू नगा," मासेमार म्हणाला. "पाय हिसकू नगा. आडवं व्हा, पाठीवर. पोहायला येतं का?"

"येतं."

"मग झोपा पाण्यावर."

भाऊ पाठीवर आडवा झाला. एक पाय सुटला, मग दुसरा. चप्पल गाळातच राहिली. आम्ही दोघांनी त्याला काखेत धरून आत घेतलं. तो होडीच्या तळाशी पडून धापा टाकत होता आणि पहिलं वाक्य बोलला ते हे, "उजवी बाजू राहिली."

मासेमार मान हलवून म्हणाला, "चला आता." मी म्हटलं, "मामा, दोनच मिनिटं. होडीतूनच." त्यानं वल्हं गाळात रोवून होडी धरून ठेवली. मी गुडघे टेकून, श्वास धरून उजव्या बाजूचे फोटो काढले. माझे हात थरथरत होते, म्हणून एकेक फोटो पाच-पाच वेळा काढला.

काठावर आलो तर आई घोट्याभर पाण्यात उभी होती. काठी कुठेतरी टाकून दिलेली. भाऊ उतरला तशी तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. पोरपणी घालायची तसाच.

"देऊळ काय जाळायचं हाय का मला? तू बुडला आसतास म्हंजे?"

"आई, कोनाडा राहिला होता."

"ऱ्हाऊ दे की! आमच्या बाला गाव राखता आलं न्हाय, तू कोनाडा राखतोय व्हय!" आणि ती रडायला लागली. मग तिनं पदरानं आधी त्याचं डोकं पुसलं. आपले डोळे नंतर.

सोलापुरात परतल्यावर भावानं सगळे फोटो एकत्र करून काम पुन्हा लावलं. सेटिंग त्यानं पुन्हा पहिल्यासारखं केलं नव्हतं. मी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी देऊळ पुरं झालं. कोनाड्याची उजवी कड जराशी अंधुक आहे, ती माझ्या थरथरत्या हातांची.

नंतर एका निवांत दुपारी आम्ही मुद्दाम तपासलं. एका लग्नाचा तोच व्हिडिओ व्हर्च्युअल मेमरी बंद ठेवून तयार केला आणि चालू ठेवून तयार केला. लागलेल्या वेळेत काहीही फरक पडला नाही. भाऊ आकड्यांकडे बघत म्हणाला, "म्हणजे दोन वर्षं बंद ठेवून मी काय मिळवलं?" मी म्हटलं, "रात्रीची झोप." तो हसला नाही, पण चिडलाही नाही. आता त्यानं ते सिस्टिमवर सोडलंय. लागेल तेवढी घे, नाही लागली तर नको घेऊ.

आई स्टुडिओत आली ती इरकल नेसून. आम्ही तिला खुर्चीत बसवलं, माऊस हातात दिला. पहिल्यांदा देऊळ उलटंच झालं, कळस खाली. ती घाबरून म्हणाली, "अगं बया, पाडलं की काय मी!" मग हळूहळू जमलं. ती पायऱ्यांपाशी गेली, आत शिरली, बाहेर आली. पुन्हा आत शिरली.

बातमी नातेवाइकांत पसरली आणि त्या गावचे, आता सोलापुरात स्थायिक झालेले लोक येऊ लागले. एका रविवारी एक आजोबा आले, आईच्याच वयाचे. त्यांनी पडद्यावर बोट टेकवून सांगितलं की देवळाच्या या ओट्यासमोर पिंपळ होता. आई म्हणाली, "पिंपळ न्हाय, लिंब. मी गुरवाची पोरगी हाय, मला नगा सांगू."

"अवो बाई, मी त्या पिंपळाखाली गोट्या खेळलोय."

"आसतील खेळला. लिंबाखालीच."

बाहेर बाकावर अल्बम न्यायला आलेलं नवीन जोडपं ताटकळत बसलं होतं. भावानं त्यांच्यासाठी चहा सांगितला, आणि आत दोघांचा आवाज चढतच राहिला.